अजानच्या वेळी गल्ल्यावर कोण?

मार्चच्या पहिल्या आठवड्यात गोंदियात सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. मुंबईत त्याला आणखी अर्धा तास लागतो. मोहम्मद अली रोडवर खवय्ये गाडी लावायला जागा शोधत असतात, तेव्हा गोंदियाच्या बाजारातल्या, स्टेशनच्या वाटेवरच्या हॉटेलांत शेवटच्या दहा मिनिटांची धावपळ शिगेला पोहोचलेली असते. समोशांची कढई उसळत असते. फळांची चाट द्रोणात भरली जात असते. गल्ल्यासमोर पार्सलवाल्यांची दाटी असते आणि प्रत्येकाचे म्हणणे एकच, ‘भाऊ, पहले मेरा दे दो, अजान होनेवाली है.’

हॉटेलच्या धंद्यात गर्दी नवी नाही. रविवारची दुपार असते, लग्नसराई असते, नवेगावबांध-नागझिऱ्याहून परतणाऱ्या पर्यटकांची संध्याकाळ असते. पण ती गर्दी तासाभरात विखुरलेली येते. इफ्तारची गर्दी एका मिनिटावर येऊन आदळते. पन्नास-साठ लोकांना एकाच मिनिटाला तेच हवे असते, आणि त्यात उशीर चालत नाही. पाच मिनिटे उशिरा मिळालेला समोसा एरवी कुणी मोजत नाही. दिवसभर पाण्याचा घोटही न घेतलेल्या माणसाला ती पाच मिनिटे मोजावी लागतात.

यात एक गोष्ट गिऱ्हाइकाच्या लक्षात सहसा येत नाही. गल्ल्यावर पैसे घेणारा, कढईवर उभा असलेला, देगेत डाव फिरवणारा उस्ताद, यांच्यापैकी बरेचजण स्वतः रोजेदार असतात. पहाटे सहरी करून, फज्रची नमाज पढून थोडी झोप काढलेली असते. दुपारपासून ते भट्टीच्या धगीत उभे असतात. त्यांचा रोजाही त्याच मिनिटाला सुटायचा असतो. मग त्या मिनिटाला हॉटेल चालवायचे कोणी?

चांगल्या हॉटेलात या प्रश्नाचे उत्तर अजानच्या वेळी शोधले जात नाही. ते सकाळीच ठरलेले असते. सहा वाजता गल्ल्यावर कोण बसेल, तंदूर कोण सांभाळेल, पार्सलची पुडकी आधीच बांधून कुठल्या टेबलावर रांगेने ठेवायची, हे भाजी-मटण आणण्याआधी बोलून झालेले असते. रोजा नसलेला वेटर, जो कदाचित आमगाव किंवा सालेकसाच्या बाजूचा असतो, पावणेसहालाच स्वतःचा चहा-नाश्ता उरकून घेतो. अजान होते. आतल्या बाजूला पसरलेल्या दस्तरखानावर खजूर, पाणी, दोन फोडी कलिंगड. रोजेदार पाच मिनिटे खाली बसतात. मग मगरिबची नमाज. मगरिबची वेळ लांबत नाही, म्हणून आधी तिघे जातात, ते परतले की उरलेले तिघे. या दहा-बारा मिनिटांत हॉटेलचा कारभार ज्यांच्या हातात असतो, त्यांच्या कपाळावर कुणाच्या गंध असते, कुणाच्या मनगटावर लाल धागा. गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. कळू नये, हीच त्या व्यवस्थेची परीक्षा.

या दृश्याकडे ‘भाईचारा’ म्हणून बघायची सवय आहे आणि त्यात काही वाईट नाही. वर्तमानपत्रांत दरवर्षी इफ्तारचे फोटो छापले जातात, गळाभेटीचे. पण हॉटेलातला भाईचारा फोटोपुरता टिकत नाही. त्याला आधी ड्यूटीचे वेळापत्रक लागते. कोणी कोणाची जागा घ्यायची, त्याबदल्यात कोणाला कधी सुट्टी मिळायची, याचा हिशेब चोख असेल तरच ती दहा मिनिटे निभावतात. हिशेब चोख नसेल तर त्याच दहा मिनिटांत खटके उडतात. आणि गिऱ्हाइकासमोर उडालेला खटका हॉटेलच्या नावावर लागतो, वेटरच्या नाही.

रमजानमधल्या मुदपाकखान्यात एक अवघड जागा आणखी आहे, मिठाची. स्वयंपाक करणाऱ्याची जीभ हेच त्याचे मोजमाप असते, आणि इथे तर ती जीभ सकाळपासून बंद. फिकहच्या जाणकारांनी यावर विचार केलेला आहे. गरजच असेल तर जिभेच्या टोकावर चव घेऊन, घशाखाली काही न जाऊ देता थुंकून टाकायची मुभा ते देतात. विनाकारण चाखणे मात्र टाळावे असे सांगतात. प्रत्यक्षात बहुतेक उस्ताद ही मुभा वापरत नाहीत. ते डावातला रस्सा रोजा नसलेल्या हेल्परच्या तळहातावर टाकतात आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहतात. ‘उस्ताद, नमक बराबर, खटाई थोडी कम.’ एवढे ऐकून उस्ताद दही घालतो.

वरकरणी ही बारीकशी गोष्ट. पण ज्यांनी स्वयंपाकघरात काम केले आहे त्यांना तिचे वजन कळेल. उस्ताद आपला मसाला कुणाला सांगत नाही, प्रमाण डोळ्याने धरतो, वजनकाट्याला हात लावत नाही. त्याचा सगळा मान त्या चवीवर उभा असतो. तो मान महिनाभर दुसऱ्याच्या जिभेवर, बहुधा वयाने आणि पगारानेही लहान असलेल्या माणसाच्या जिभेवर सोपवायचा. पोऱ्याने घाबरून ‘बराबर है’ म्हटले आणि बराबर नसले, तर नाव उस्तादाचे जाणार. म्हणून ज्या भट्टीवर ‘नमक ज्यादा है’ असे तोंडावर सांगायची हेल्परला भीती वाटते, तिथली रमजानमधली देग बिघडते. शिव्या देणारा उस्ताद अकरा महिने खपतो. बाराव्या महिन्यात त्याला खरे बोलणारा माणूस लागतो, आणि तो एका दिवसात तयार होत नाही.

मोठ्या स्वयंपाकाची विभागणी आपल्याकडे फार जुनी आहे. उर्दूचे लेखक अब्दुल हलीम शरर यांनी १९१३ पासून आपल्या ‘दिलगुदाज’ या मासिकातून जुन्या लखनौविषयी लेखमाला लिहिली. ‘गुजिश्ता लखनौ’ या नावाने ती पुढे ग्रंथरूपात आली. नवाबी काळातल्या स्वयंपाकघराबद्दल लिहिताना शरर कामगारांचे तीन वर्ग सांगतात. बावर्ची म्हणजे मोठ्या प्रमाणावर रांधणारा. रकाबदार म्हणजे थोड्या लोकांसाठी, लहान भांड्यांत, नजाकतीचे पदार्थ करणारा, सर्वांत कसबी आणि आपल्या कसबाबद्दल तितकाच मिजासी. पण या दोघांच्या आधी शरर नाव घेतात ते देगशोचे. देगशो म्हणजे देग धुणारा. ‘शो’ हा फारसी प्रत्यय धुण्याचा अर्थ देतो.

शररांनी देगशोला मानाने पहिले ठेवले, असे म्हणणे ताणल्यासारखे होईल. तो बावर्चीच्या हाताखालचाच माणूस होता. पण यादीत त्याची जागा आहे, तो मोजलेला आहे, आणि आज हॉटेलच्या कौतुकात नेमका तोच गळतो. शेफची मुलाखत होते, मालकाचा सत्कार होतो, वेटरला बक्षिशी मिळते. मागच्या मोरीशी दिवसभर राखेऐवजी साबणाच्या भुकटीत हात घालून बसलेल्या बाईचे नाव गिऱ्हाइकाला सोडाच, कधीकधी वेटरलाही ठाऊक नसते. तरी ती एक दिवस आली नाही तर काय होते? सकाळच्या दालच्याची देग तशीच पडून राहते, दुपारच्या बिर्याणीला भांडे नाही, ताटे संपतात, वेटर ताटासाठी मोरीवर ओरडतो, उस्ताद वेटरवर ओरडतो आणि बाहेर बसलेला गिऱ्हाईक घड्याळाकडे बघत राहतो. हॉटेलातली बहुतेक भांडणे भट्टीवर सुरू झालेली दिसतात. त्यांचे मूळ शोधत गेले की ते मोरीपाशी सापडते.

युरोपात ही विभागणी शास्त्रासारखी मांडली ती ओग्युस्त एस्कोफिए या फ्रेंच आचाऱ्याने. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात तो सैन्याच्या स्वयंपाकात होता. १८९० मध्ये लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात सेझार रिट्झसोबत काम करायला गेला तेव्हा लष्करी तुकडीसारखी स्वयंपाकघराची रचना त्याने बसवली. सॉस एकाकडे, भाजणे दुसऱ्याकडे, भाज्या-अंडी तिसऱ्याकडे. पूर्वी एक आचारी एक पदार्थ सुरुवातीपासून शेवटपर्यंत करत बसे. आता तीन हात एकाच वेळी चालून तोच पदार्थ थोड्या मिनिटांत ताटात येऊ लागला. जगभरातल्या मोठ्या हॉटेलांत आजही हीच पद्धत आहे. एस्कोफिएची आणखी एक गोष्ट कमी सांगितली जाते. त्या काळी आचारी धगीमुळे दारू पीत, शिवीगाळ करत. त्याने स्वयंपाकघरात दारू बंद केली, आरडाओरडीला आळा घातला आणि तहानेसाठी जवाचे पेय ठेवले. कामाची वाटणी करून तो थांबला नव्हता. त्या वाटणीत माणसे टिकावीत म्हणून काय लागते तेही त्याने पाहिले.

गोंदियातल्या हॉटेलात एवढी मोठी फौज नसते. आठ-दहा माणसांत सगळे भागवायचे असते. त्यामुळे इथे वाटणीपेक्षा अदलाबदल जास्त चालते. तंदूरवाला गरज पडली तर टेबल पुसतो, वेटर कांदे सोलतो, मालकाचा मुलगा पार्सल बांधतो. भाषाही तशीच मिसळलेली. मालक हिंदीत बोलतो, वेटर झाडीबोलीत उत्तर देतो, बालाघाटकडचा हेल्पर पोवारीत कुरकुरतो, डोंगरगडच्या बाजूचा छत्तीसगढीत हसतो. पश्चिम महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला वाटते, इथे कुणाचे कुणाला कळत कसे असेल? कळते. हॉटेलात शब्दांपेक्षा खुणा जास्त चालतात. दोन बोटे वर, म्हणजे दोन हाफ. तळहात उलटा, म्हणजे पदार्थ संपला, आता ऑर्डर घेऊ नको. ही खूण वेळेवर बाहेर पोहोचली नाही, तर वेटर सहा जणांची ऑर्डर घेऊन आत येतो आणि परत जाऊन माफी मागतो. आतून बाहेर आणि बाहेरून आत बातमी पोहोचणे, हॉटेलातल्या एकीचा निम्मा भाग हाच आहे. परमिट रूममध्ये तर हे आणखी नाजूक. तिथे एखाद्याला ‘आता पुरे’ म्हणण्याची वेळ येते, आणि तसे म्हणणाऱ्या वेटरच्या मागे कॅप्टन व मालक उभे राहिले नाहीत तर मार वेटरलाच बसतो.

मग ही एकी तुटते कशाने? उत्तर बहुधा पैशाजवळ येऊन थांबते. बक्षिशीचेच घ्या. बिल देताना गिऱ्हाईक वीस-पन्नास रुपये बशीत ठेवून जातो. ते वेटरच्या खिशात जायचे, की सगळ्यांच्या डब्यात? खिशात गेले तर भट्टीवरचा माणूस विचारतो, चव माझी आणि पैसे तुझे? डब्यात गेले तर वेटर म्हणतो, बोलणी मी खाल्ली, वाटा मोरीला का? काही हॉटेलांत रात्री गल्ला मिटवताना डबा सर्वांसमोर उघडतात आणि ठरलेल्या हिश्शांनी वाटतात, मोरीवरच्या बाईचा वाटा धरून. तिथे रात्रीचे दिवे शांतपणे मालवले जातात. जिथे डबा मालक एकटाच उघडतो, तिथे डब्याबद्दल कुजबुज होते, मग ती पगारापर्यंत पोहोचते.

मोठ्या शहरांत याच प्रश्नाने कोर्टाची पायरी चढली. बिलात आपोआप जोडला जाणारा ‘सर्व्हिस चार्ज’ सक्तीने घेऊ नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढली. हॉटेलचालकांच्या संघटना त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. हा पैसा कर्मचाऱ्यांसाठी असतो, हा त्यांच्या बाजूचा एक मुद्दा. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने ती तत्त्वे कायम ठेवली. ग्राहकाच्या दृष्टीने निकाल योग्यच आहे. पण त्यातून उरलेला प्रश्न असा की, कर्मचाऱ्याचा वाटा जर गिऱ्हाइकाच्या मर्जीवर सोडायचा, तर पगार तरी पुरेसा नको का?

फुटलेल्या भांड्यांचा दंड ही दुसरी जागा. घाईत काचेचा ग्लास निसटतो. काही ठिकाणी त्याची किंमत पगारातून कापतात. परिणाम असा की पोऱ्या दोन ग्लास उचलतो, सहा उचलत नाही, आणि ऐन गर्दीत टेबल उष्टे राहते. तिसरी जागा वयाची. ‘छोटू’ या हाकेवर पूर्वी अख्खी हॉटेले चालत. १० ऑक्टोबर २००६ पासून हॉटेल-ढाब्यांत चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आली, २०१६ च्या दुरुस्तीने ती आणखी कडक झाली. हाक मात्र अजून गेलेली नाही. तीस वर्षांच्या बाप्यालाही ‘छोटू’ म्हणणारे गिऱ्हाईक भेटतात. ज्या माणसाला दिवसभर कुणी नावाने हाक मारत नाही, त्याने ‘हे हॉटेल आपले’ म्हणावे अशी अपेक्षा ठेवणे जरा जास्तच आहे.

‘हे हॉटेल आपले’ असे खरोखर म्हणू शकणारे वेटर पाहायचे असतील तर गोंदियाहून फार लांब जायला नको. रेल्वेने उत्तरेला जबलपूर, पूर्वेला भिलाई-रायपूर. या शहरांतल्या इंडियन कॉफी हाउसमध्ये पंख्यासारखा तुरा असलेला पांढरा साफा बांधून जो कॉफी आणून ठेवतो, तो त्या संस्थेचा सभासद असू शकतो. त्यामागची हकिकत महाराष्ट्रातल्याच एका जागेपासून सुरू होते. भारतीय कॉफीचा खप वाढावा म्हणून कॉफी सेस कमिटीने १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला पहिले कॉफी हाउस उघडले. पुढे कॉफी बोर्डाने ती साखळी देशभर वाढवली. लेखक, विद्यार्थी, वकील, कामगार पुढारी यांचे ते बसायचे ठिकाण झाले. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर बोर्डाने कॉफी हाउसे बंद करायचे ठरवले आणि शेकडो वेटर, आचारी, साफसफाई करणारे रस्त्यावर येण्याची वेळ आली.

केरळचे कम्युनिस्ट खासदार ए. के. गोपालन यांनी या कामगारांना सांगितले की नोकरी मागत बसण्यापेक्षा कॉफी हाउसच चालवायला घ्या. बोलणी झाली. १९ ऑगस्ट १९५७ रोजी बेंगळुरूला कॉफी कामगारांची पहिली सहकारी सोसायटी स्थापन झाली, त्याच वर्षी दिल्लीत कामगारांचे कॉफी हाउस सुरू झाले आणि नंतर एकेका प्रदेशात अशा सोसायट्या उभ्या राहिल्या. त्यांतली जबलपूरची सोसायटी मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये शाखा चालवते. काल कप उचलणारे हात आज भागधारक झाले. कारभारी निवडून देणे, नफ्यातला वाटा ठरवणे, नवी शाखा काढायची की नाही याचा निर्णय घेणे, हे सगळे त्यांच्याकडे आले. इथे बहुतेक माणसे खालच्या पायरीवर भरती होतात आणि तिथून वर चढतात. काउंटरवर बसलेल्या मॅनेजरने कधीकाळी टेबले पुसलेली असतात. त्यामुळे टेबल पुसायला किती वेळ लागतो, हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही.

या कौतुकाला दुसरी बाजूही आहे. कॉफी हाउसच्या सगळ्याच सोसायट्या भरभराटीला आल्या नाहीत. काही शहरांत भाडे वाढले, खुर्च्या झिजल्या, शाखा आक्रसल्या. नव्या पिढीला गुळगुळीत काचेची कॅफे आवडतात. सर्वांच्या मताने चालणारे घर कधीकधी हळू चालते, पदार्थांची यादी बदलायलाही सभा लागते. तरीही बंद पडायला निघालेली हॉटेले त्यांच्याच कामगारांनी जवळपास सत्तर वर्षे चालवून दाखवली, हे लहान नाही. गिऱ्हाइकाला तिथे एक गोष्ट हटकून जाणवते. वेटर घाई करत नाही. एक कॉफी घेऊन तासभर बसलेल्याला तो उठवत नाही. टेबल लवकर रिकामे करण्याचा हुकूम देणारा शेठ त्याच्या मागे उभा नसतो.

गोंदियातल्या प्रत्येक हॉटेलाने सोसायटी काढावी, असे कुणी म्हणणार नाही. घरगुती मालकीच्या हॉटेलाची गणिते वेगळी असतात, मालकही भट्टीशेजारीच घाम गाळत असतो. पण वाट्याची कल्पना लहान हॉटेललाही परकी नाही. आणि इस्लामी शिकवणीत तर ती स्पष्टच आहे. मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, ही हदीस सर्वांना माहीत असते. तिच्याइतकी प्रसिद्ध नसलेली, पण नेमकी स्वयंपाकघराबद्दलची एक हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तिचा आशय असा : सेवक जेवण रांधून समोर आणेल तेव्हा त्याला आपल्यासोबत बसवा, ते जमत नसेल तर निदान घास-दोन घास त्याला द्या, कारण धग त्याने सोसली आहे. या शिकवणीत दयेपेक्षा हक्काचा सूर जास्त आहे. जो धगीजवळ उभा होता, त्याचा त्या जेवणात वाटा आहे.

हा वाटा ताटातही असतो. कामगारांचे जेवण कोणते, यावरून हॉटेल ओळखता येते. काही ठिकाणी कालचा उरलेला रस्सा कामगारांना, ताजा गिऱ्हाइकांना. काही ठिकाणी मालक, उस्ताद, वेटर आणि भांडीवाली बाई एकाच देगेतले जेवतात. रमजानमध्ये हे उघडे पडते, कारण इफ्तारचा दस्तरखान एकच अंथरायचा असतो आणि त्यावर कोण कुठे बसले ते सगळ्यांना दिसते.

गोंदियाच्या हॉटेलवाल्यांपुढची खरी अडचण माणसे टिकवण्याची आहे, आणि तिचा संबंध धानाशी आहे. कामगार बहुतेक खेड्यांतले. आषाढात रोवणी लागली की ते गावी जातात, कारण परे वाट बघत नाहीत. मेच्या सुमारास तेंदूपत्त्याचा हंगाम येतो आणि देवरी-सालेकसाकडची माणसे जंगलाकडे वळतात. जिथे पाण्याची सोय आहे तिथे उन्हाळी धानाची रोवणी फेब्रुवारीत चालते, म्हणजे हल्ली ऐन रमजानच्या तोंडावर. शेठ वैतागतो. पण ज्याने रोवणी पाहिली आहे त्याला हॉटेल समजणे सोपे जाते. चिखलात ओळीने वाकलेल्या बाया एका लयीत मागे सरकतात. एक मागे पडली की शेजारची तिच्या वाट्याचे चार परे रोवून देते, न बोलता. ही माणसे एकीने काम करणे शिकूनच हॉटेलात आलेली असतात. बरेचदा हॉटेलच ते विसरायला लावते.

जे मालक हे ओळखतात ते कॅलेंडर आधी मांडतात. २०२५ मध्ये ३० मार्चला गुढीपाडवा होता आणि ३१ मार्चला ईद. त्याआधी धुळवडही रमजानमध्येच, तीही जुम्म्याच्या दिवशी आली होती. पाडव्याला घरी जाऊ इच्छिणारे आणि ईदला घरी राहू इच्छिणारे एकाच भट्टीवर काम करत असतील, तर त्या दोन दिवसांची वाटणी सोपी असते. सोय चंद्र आणि सूर्य दोघांनी मिळून केलेली असते, फक्त वही काढून कुणाची सुट्टी कधी ते लिहायला हवे. धुळवडीला ज्यांनी भट्टी सांभाळली, त्यांची पाळी ईदला रिकामी राहते. चंद्र एक दिवस उशिरा दिसला तर काय, याची ओळही वहीत लिहून ठेवावी लागते. ईदच्या आदल्या रात्री हा प्रश्न विचारायला कुणाला सवड नसते.

ईदच्या आधीचा आठवडा सर्वांत कठीण. तरावीह संपल्यावर रात्री दहानंतर गर्दीची दुसरी लाट येते, कपड्यांच्या खरेदीहून परतलेली कुटुंबे मुलांना घेऊन बसतात. बारा वाजता शटर अर्धे खाली येते. उस्ताद उद्याच्या डाळी भिजत घालतो. तंदूरवाला निखारे झाकतो. हिशेबाचा डबा उघडला जातो, नाणी वेगळी, नोटा वेगळ्या, वाटे पडतात. कुणीतरी मोरीवरच्या बाईसाठी दोन रोट्या आणि रस्सा डब्यात भरून ठेवतो, कारण तिची मुले जागी असतील. तिचे काम अजून बाकी असते. शेवटची देग आडवी करून ती आत हात घालते, बुडाला चिकटलेला मसाला घासते, पाणी ओतते, पुन्हा घासते. मग देग उपडी करून भिंतीला टेकवते. सहरीला तीच लागणार असते.